अझोर्सला जायचं तर आधी नकाशा बघा, जहाज नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत. बाबा ७० वर्षांचे, गुडघे दुखतात. आई ६६ वर्षांची, पक्की शाकाहारी, आणि गेटवेहून मांडव्याला जातानासुद्धा तिला बोट लागते. तुम्ही तिघा भावंडांनी मिळून त्यांना अटलांटिकमधल्या बेटांची छोट्या जहाजाची सफर द्यायची ठरवलीय. समोर दोन पर्याय आहेत. पहिली सफर १२ रात्रींची: कॅनरी बेटांतल्या तेनेरीफहून निघायचं, ला पाल्मा, मदैरा, मग पोर्तुगालच्या अझोर्सची तीन बेटं आणि शेवट लिस्बनला. दुसरी ८ रात्रींची: अझोर्सच्या साओ मिगेल बेटावरच्या पोंता देलगादाहून निघून तिथेच परत, सगळी अझोर्समध्ये. दोन्ही जहाजं सव्वाशे-दीडशे प्रवाशांची. पहिल्यावर बटलर, शँपेन, स्पा. दुसरं त्यामानाने साधं. कुठली घेऊ, आणि एवढे पैसे घालण्यात अर्थ आहे का?

दुसरी घ्या. आता कारणं सांगतो.

मी अकरा वर्षं छोट्या जहाजांच्या हॉटेल विभागात काढली. शेवटी शेवटी केबिन आणि जेवणघर दोन्ही माझ्याकडे होतं. नंतर पुण्यात परतलो आणि आता वर्षाआड बारा-पंधरा जणांचा गट घेऊन जातो. त्यामुळे एक सवय जडलीय: माहितीपत्रक हातात आलं की फोटो उलटत थेट नकाशाच्या पानावर जायचं आणि दोन बंदरांमधली अंतरं मोजायची.

पहिल्या सफरीची मोजून बघा. मदैराचं बंदर फुंशाल ते पोंता देलगादा पाचशेहून जास्त सागरी मैल. पोंता देलगादा ते लिस्बन साडेसातशेच्या आसपास. असली जहाजं तासाला बारा-चौदा मैल कापतात, म्हणजे पहिला टप्पा सुमारे ४० तासांचा आणि दुसरा अडीच दिवसांच्या जवळ जाणारा. बारा रात्रींतले चार दिवस चारी बाजूंना पाणी आणि मध्ये तुमच्या आई. माहितीपत्रकात त्याला ‘समुद्रावरचे निवांत दिवस’ म्हटलेलं असेल.

अशा सफरी का निघतात, तेही सांगतो. हिवाळाभर कॅनरी किंवा केप व्हर्देच्या उबेत फिरणारं जहाज वसंतात उत्तर युरोपकडे न्यायचंच असतं आणि शरदात परत खाली आणायचं असतं. रिकामं नेण्यापेक्षा प्रवासी घेऊन नेलेलं बरं. यात फसवणूक काही नाही, उलट दर रात्रीचा भाव कधीकधी बराच कमी पडतो, आणि ज्यांना नुसता समुद्र आवडतो त्यांनी जरूर जावं. मला स्वतःला आवडतो. पण ज्यांना बोट लागते त्यांना ही भेट देऊ नये.

अझोर्समध्ये गणित वेगळं आहे. नऊ बेटं, तीन गटांत विखुरलेली, लिस्बनच्या पश्चिमेला दीड हजार किलोमीटरच्या आतबाहेर. पूर्वेला साओ मिगेल आणि सांता मारिया, मध्ये तेर्सेरा, ग्रासिओझा, साओ जॉर्ज, पिको, फायाल, आणि पार पश्चिमेला फ्लोरेस आणि कोर्वू. साओ मिगेलहून तेर्सेराला जायला एक रात्र लागते. पिको, फायाल, साओ जॉर्ज ही तर इतकी जवळजवळ की एका बेटावर चहा पिताना दुसऱ्यावरची घरं दिसतात. पिकोच्या मादालेनाहून फायालच्या ओर्ताला साधी फेरीबोट अर्ध्या तासात पोचते. बोट लागणाऱ्या माणसाला हेच हवं: रात्री झोपेत थोडं डोलायचं, सकाळी पाय जमिनीवर.

पण सफर फक्त आईची सोय म्हणून निवडू नका. मधली बेटं हाच या समुद्रातला सगळ्यात सरस भाग आहे, असं माझं मत आहे.

पिको घ्या. २,३५१ मीटरचा एकटा शंकू समुद्रातून सरळ वर आलेला, पोर्तुगालचं सर्वोच्च शिखर. वय सुमारे तीन लाख वर्षं. आपल्या सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटींच्या घरातला, त्यापुढे हे पाळण्यातलं पोर. पायथ्याला लाव्हाच्या उघड्या कातळावर माणसांनी द्राक्षं लावली आहेत. कशी? काळ्या दगडांचे गडगे घालून. हो, अगदी आपल्या कोकणातल्यासारखे, चुना-सिमेंट काही नाही, दगडावर दगड. फरक इतकाच की आपला गडगा जांभ्याचा आणि एखाद्या बागेभोवती. इथे हजारो चिमुकले चौकोन, एकेकात मोजके वेल. गडगा खारा वारा अडवतो आणि दिवसभर तापलेला दगड रात्री वेलाला ऊब देतो. २००४ साली युनेस्कोने या मळ्यांना जागतिक वारशात घेतलं. माझ्या गटात एकदा राजापूरकडचे एक काका होते. वाइनच्या चवीसाठी सगळे आत गेले, हे बाहेर गडग्याची चिरेबंदी तपासत बसले आणि शेवटी म्हणाले, “आमच्याकडचा गडी याहून बरा बसवतो.”

समोरचं फायाल. ओर्ताच्या बंदराच्या भिंतीवर आणि जमिनीवर जगभरच्या शिडाच्या होड्यांनी आपापलं चित्र काढून ठेवलंय; चित्र न काढता निघालं तर पुढचा प्रवास सुखाचा होत नाही अशी खलाशांची समजूत. बेटाच्या पश्चिम टोकाला कापेलिन्योश. २७ सप्टेंबर १९५७ ला किनाऱ्यालगत समुद्रातच ज्वालामुखी फुटला आणि तेरा महिने धुमसत राहिला. जुनं दीपगृह राखेत कमरेपर्यंत गाडलं गेलं, ते तसंच उभं आहे. शेतं, घरं राखेखाली गेली. अमेरिकेने १९५८ साली या लोकांसाठी वेगळा कायदा केला आणि हजारो माणसं देश सोडून गेली. बेटाला जोडली गेलेली नवी जमीन लाटा अजून खातायत, मी पहिल्यांदा गेलो त्यानंतरही कडा मागे सरकलीय. हिरव्यागार बेटाच्या टोकाला अचानक करडं वाळवंट लागतं. तिथे वारा इतका की टोपी हातातच ठेवायची.

तेर्सेराला बाबांना आवर्जून अंग्रा या जुन्या बंदर-शहराच्या रस्त्यांवर फिरवा. गोवा आणि कोचीनहून मिरी भरून परतणारी पोर्तुगीज जहाजं आफ्रिकेला वळसा घालून वाऱ्याच्या सोयीने अटलांटिकच्या मधोमध वर चढत आणि अझोर्सला थांबत. अंग्रा हा त्यांचा विसावा. वास्को द गामा पहिल्या सफरीहून परतत होता तेव्हा त्याचा भाऊ पाउलो वाटेत आजारी पडला, १४९९ साली याच बेटावर वारला, आणि अंग्राच्या फ्रान्सिस्कन मठात त्याला पुरलं. कालिकत बघून आलेला माणूस घरापासून दोन पावलांवर गेला. १ जानेवारी १९८० च्या भूकंपात शहराची मोठी पडझड झाली. त्यांनी ते जुन्या वळणावरच पुन्हा बांधलं आणि १९८३ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं.

छोट्या जहाजाचा खरा फायदा इथे कळतो. मोठी जहाजं प्राइया द विटोरियाच्या बंदरात जातात आणि तिथून बसने अंग्रा गाठावं लागतं. छोटं जहाज शहरासमोरच थांबतं. संध्याकाळी जेवण झाल्यावर तुम्ही उतरून चौकात कॉफी प्यायला जाऊ शकता. पैसे मोजायचे तर यासाठी मोजा. केबिनमधलं संगमरवरी न्हाणीघर तिसऱ्या दिवशी डोळ्यांत भरत नाही, हे मी शेकडो पाहुण्यांच्या बाबतीत बघितलंय.

आता बोट लागण्याबद्दल, कारण यात लोक पैसे देऊन चूक करतात. महागडे स्वीट वरच्या मजल्यांवर असतात, आणि जहाज जितकं वर तितकं जास्त डोलतं. पुढच्या टोकाला तर झोक्यावर बसल्यासारखं होतं. आईसाठी खालच्या डेकवरची, जहाजाच्या मधोमध येणारी केबिन घ्या, ती बहुतेक वेळा स्वस्तही असते. गोल खिडकी असली तरी चालेल, क्षितिज दिसलं पाहिजे. जहाजाच्या दोन्ही कुशींना माशाच्या परांसारखे पंख असतात, त्यांना स्टॅबिलायझर म्हणतात. विक्रेते त्यांचं फार कौतुक सांगतात. ते आडवं डोलणं कमी करतात खरे, पण चालत्या जहाजावर. नांगर टाकून उभं असलं की त्यांचा विशेष उपयोग होत नाही, आणि पुढून येणाऱ्या लाटेवर जहाज वरखाली आपटतं त्यावर तर जवळजवळ नाहीच. गोळी कुठली ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, बाबांची रक्तदाबाची औषधं सुरू असतील तर नक्कीच. पण गोळी निघायच्या आधी घ्यायची असते. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा पोटात राहत नाही. आणि रिकाम्या पोटी बसू देऊ नका. सुकं बिस्कीट, आल्याची वडी, एवढं पुरतं.

गुडघ्यांचं सांगतो. जहाजाला लिफ्ट आहे का आणि ती सगळ्या डेकवर जाते का, हे लेखी विचारा. सगळ्यात जपायची जागा म्हणजे शिडीवरून छोट्या बोटीत उतरणं, कारण बोट दर लाटेला हात-दोन हात वरखाली होते. खलाशी पुढे हात करेल तेव्हा पंजा धरायचा नाही, त्याच्या कोपराखाली मनगटापाशी धरायचं आणि त्याने तुमच्या. पंजा घामाने निसटतो. बोट वर आली की तो “आता” म्हणेल, तेव्हाच पाऊल टाकायचं. बाबांसारखी माणसं, म्हणजे ज्यांना आपण अजून तरुण आहोत असं वाटतं, ती त्याच्या आधी टाकतात. सफरीत ग्रासिओझा असेल तर फुर्ना दू एन्शोफ्र या गुहेचा मोह टाळा: आत जायला १८३ पायऱ्यांचा गोल जिना, आणि तेवढ्याच परत वर. देवमासे बघायला रबरी बोट नको, गुडघे आणि कंबर दोन्ही आपटतात. मोठी बसकी बोट मिळते, तीच मागा. किनाऱ्यावरच्या उंच टेहळणी चौकीतून, तिला विजिया म्हणतात, दुर्बिणीने फवारा हेरून बोटींना रेडिओवर दिशा सांगणारा माणूस बसलेला असतो. १९८० च्या दशकापर्यंत याच चौक्यांवरून शिकारीच्या होड्यांना इशारे जात.

जेवण. ‘शाकाहारी’ एवढंच कळवून थांबू नका. भाजीच्या सूपमध्ये माशाचं किंवा कोंबडीचं पाणी असतं, आणि आचाऱ्याच्या मते ते सूप शाकाहारीच असतं. निघायच्या दोन महिने आधी लिहून कळवा: मांस नाही, मासा नाही, त्यांचं उकळलेलं पाणी नाही, अंडं चालतं की नाही. जहाजावर चढल्यावर पहिल्या संध्याकाळी जेवणघराच्या प्रमुखाला पुन्हा भेटा. आणि एक आतली गोष्ट: बऱ्याच जहाजांवर भारतीय, त्यातही गोव्याची मुलं कामाला असतात, आणि कर्मचाऱ्यांच्या मेसमध्ये वरण-भात शिजत असतो. हुकूम सोडल्यासारखं न करता, गावाची चौकशी करत विचारलंत तर चौथ्या दिवशी आईच्या पुढ्यात वाटीभर वरण येतं. मी स्वतः कितीदा पाठवलंय. घरून मेतकूट, कोरडी चटणी न्या. तूप, पेढे, चक्का असलं काही नको. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे आणि विमानतळावर काढून घेतात.

किनाऱ्यावर “सें कार्ने, सें पेइश” म्हणजे मांस नको, मासा नको. बाकी मेनू वाचताना आईला गंमत वाटेल: पाव, बटाटा, कोबी, अननस हे शब्द ज्या भाषेतून आपल्याकडे आले तीच ही भाषा. साओ मिगेलला अननस काचेच्या घरांत वाढवतात, फळ यायला दीड-दोन वर्षं लागतात, आणि सगळ्या झाडांना एकदम फुलोरा यावा म्हणून आत धूर करतात. याच बेटावर फुर्नाशला जमिनीत भांडी पुरून सहा-सहा तास शिजवलेलं जेवण प्रसिद्ध आहे. ते मांसाचं. पण तिथेच उकळत्या झऱ्यात पोत्यांमधून कणसं सोडतात. गरम कणीस, गंधकाचा वास आणि भुरभुर पाऊस. आणि गोरेआना हा १८८३ पासून चालू असलेला चहामळा. चव सौम्य असते, दूध-साखर घालून उकळायला जाऊ नका.

केव्हा जावं? आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. तिथे उलटं, आपल्या पावसाळ्यातच त्यांचा समुद्र शांत. उन्हाळ्यात या बेटांवर हवेचा जास्त दाब ठाण मांडून बसतो आणि वादळं उत्तरेकडून निघून जातात. माझी पसंती जूनचा मध्य ते जुलैचा शेवट. तेव्हा रस्त्याकडेला निळ्या हायड्रेंजियाची कुंपणं फुलायला लागतात. फायालला त्यामुळेच निळं बेट म्हणतात. ऑगस्टमध्ये पिवळ्या फुलांचे उंच दांडे दिसतील, वास ओळखीचा वाटेल. आपल्या सोनटक्क्याचा हा हिमालयातला भाऊ, कोणीतरी शोभेसाठी नेला आणि त्याने तिथली मूळची झाडं दाबून टाकली. ऑगस्टअखेरपासून मात्र चक्रीवादळांची भीती असते. २०१९ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला लोरेन्झो वादळाने फ्लोरेसचं बंदर मोडून टाकलं.

फ्लोरेस आणि कोर्वू तुमच्या सफरीत आहेत का ते बघा. असतील तर आनंदाने जा, पण आई-बाबांना आधीच सांगून ठेवा की तिथे उतरायला मिळेलच असं नाही. कोर्वूवर जेमतेम चारशे माणसं राहतात. मी तीनदा त्याच्यासमोर गेलोय, एकदाच पाय लागले. त्यातल्या एका खेपेला छत्तीस पाहुणे रेनकोट घालून रांगेत उभे होते आणि कप्तानाने वीस मिनिटं लाट बघून उतरणं रद्द केलं. पाहुणे माझ्यावर उखडले, ते स्वाभाविकच. पण छापलेला कार्यक्रम हा फक्त बेत असतो. बदलायचा अधिकार कप्तानाचा, आणि करारात तसं लिहिलेलं असतं. चुकलेल्या बंदराचं शुल्क परत मिळतं का, तेवढं विचारून घ्या. बाकी मिळत नाही.

पैशांचं स्पष्ट बोलू. मी पाहिलेले भाव माणशी दर रात्री साधारण ४०० ते १,००० युरो, विमानभाडं वेगळं. तुमच्या पहिल्या सफरीत दारू, शँपेन सगळं धरलेलं आहे आणि आई-बाबा दोघंही घेत नाहीत, म्हणजे ते पैसे समुद्रात. आणि याहून खूप कमी खर्चात हीच बेटं फेरीबोटींनी आणि छोट्या विमानांनी करता येतात. तुम्ही स्वतः जाणार असाल तर मी तेच सुचवीन. पण सत्तरीच्या माणसाला दर दोन दिवसांनी बॅग भरायची, टॅक्सी शोधायची, नवीन खोलीचा जिना चढायचा, यातून सुटका मिळते, आणि जहाजावर डॉक्टर असतो. मोठी रुग्णालयं साओ मिगेल, तेर्सेरा आणि फायाल या तीनच बेटांवर आहेत. विम्यात युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी लागणारे ३०,००० युरो हे किमान. आजारी माणसाला जहाजावरून हलवण्याचा खर्च त्यात आहे का, ते वाचा.

व्हिसा पोर्तुगालचा शेंगेन, फी ९० युरो, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. लिस्बनहून पोंता देलगादा सव्वादोन-अडीच तास, आणि घड्याळ लिस्बनच्या एक तास मागे. जहाज सुटायच्या किमान दोन दिवस आधी पोचा. एक दिवस चुकलेल्या विमानासाठी आणि दुसरा सेते सिदादेशच्या तळ्यांसाठी, कारण तिथे ढग उतरला की निळं तळं आणि हिरवं तळं दोन्ही पांढरी दिसतात आणि दुसऱ्यांदा वर जावं लागतं. छत्री नेऊ नका, वाऱ्यात उलटी होते. टोपीवाला रेनकोट न्या.

मदैरा सुटल्याची हळहळ वाटत असेल तर परतीच्या वाटेवर चार दिवस विमानाने जोडा. रिबेइरू फ्रिओहून बाल्कोंइशपर्यंतची दीड किलोमीटरची सपाट वाट बाबांना जमेल. फक्त फुंशालहून परतीची विमानं त्याच दिवशी एकाला एक लावून घेऊ नका. तो विमानतळ वाऱ्यामुळे तासन् तास बंद पडतो आणि मी तिथल्या बाकड्यावर एक आख्खी रात्र काढलीय.

केबिन ठरवण्याआधी जहाजाच्या डेकचा आराखडा मागवा. इंजिनाच्या डोक्यावरच्या आणि नांगराच्या साखळीशेजारच्या केबिन त्यावरून ओळखता येतात, त्या सोडून द्या. नांगराची साखळी पहाटे पाचला सुटते तेव्हा भिंत पडल्यासारखा आवाज होतो.